मोहरीएवढ्या कड्या

आमच्या विभागप्रमुखांना सोल्डरिंग आयर्न कुठल्या बाजूने धरतात हे ठाऊक नव्हतं. मी असं म्हटलं की लोकांना वाटतं, बाई रागाने बोलतेय. रागाचा प्रश्नच नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. एकदा ते पाहुण्यांना घेऊन आमच्या खोलीत आले, माझ्या टेबलावरचं आयर्न मोठ्या झोकात उचललं आणि "हे आमचं पेन" असं म्हणता म्हणता तापलेल्या टोकावर बोट टेकवलं. टरारून फोड आला. परदेशात राहून मोठी पदवी घेऊन आलेला माणूस! बर्फ मी आणून दिला. त्या खोलीत बाई मी एकटीच होते आणि बर्फ आणणं हे बाईचं काम, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे.

ही साठ साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. मुंबईतल्या एका संस्थेत आम्ही आकडेमोड करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधत होतो. संगणक हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता. आम्ही नुसतं 'यंत्र' म्हणायचो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाटंच कपाटं. त्यातला आकडे लक्षात ठेवणारा भाग, म्हणजे यंत्राची स्मृती, माझ्याकडे होता. मांडणी माझी, आकृत्या माझ्या, चुकलं तर बोलणी खायची तीही मीच. कागदोपत्री मात्र मी 'तांत्रिक साहाय्यक'. माझ्या मागून आलेले, माझ्याकडून आकृती वाचायला शिकलेले बाप्ये बघता बघता इंजिनीअर झाले आणि मी आपली साहाय्यकच. मला त्या यंत्राची इंजिनीअर व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं. लग्नही नको होतं, आणि ते ऐकून आमच्या घरात सुतक पडलं होतं.

घर रेवदंड्याचं. नारळी-पोफळीची वाडी, विहिरीवर रहाट, आणि गावाला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याची चौकशी. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी शाळेत होते. झेंडा वर गेला, आम्हाला बत्तासे मिळाले आणि कुणी एक पुढारी आले होते ते म्हणाले, आता मुलींनीही देशासाठी मोठमोठी कामं करायची. मी घरी येऊन वडिलांना विचारलं, मोठमोठी म्हणजे कुठली. वडील म्हणाले, "आधी मॅट्रिक हो, मग बघू." मॅट्रिक झाले तर म्हणाले, आता पुरे. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ते मुंबईच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन आले, कारण आमच्या आळीत पोरगी उपाशी आहे ही बातमी पसरली होती आणि लोकांच्या जिभेला ते फार भीत. म्हणजे माझं शिक्षण कुणाच्या उदारपणामुळे झालं नाही, शेजाऱ्यांच्या भोचकपणामुळे झालं. पुढे रेडिओ इंजिनीअरिंगच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. पहिल्या दिवशी शिपाई मला शिवणाचा वर्ग कुठे भरतो ते दाखवायला निघाला होता.

असो. तर यंत्राची स्मृती. ती कशाची असते म्हणाल तर कड्यांची. मोहरीच्या दाण्याएवढ्या काळ्या, चुंबकी कड्या. एका चौकटीत आडव्या-उभ्या बारीक तारा ताणायच्या आणि जिथे दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथे दोन्ही तारांत मिळून एक कडी ओवायची. दोन्ही तारांतून एकाच वेळी वीज गेली की ती कडी चुंबकाची दिशा बदलते आणि तशीच धरून ठेवते. बस, हेच तिचं लक्षात ठेवणं. एका चौकटीत अशा हजारेक कड्या, आणि आम्हाला अशा कितीतरी चौकटी हव्या होत्या. भिंगाखाली, सुईने, एक एक कडी. काम किचकट, आणि संस्थेतले सगळे विद्वान दोन दिवसांत डोळे चोळत पळून गेले.

तेवढ्यात प्रमुख परदेशवारी करून आले. तिकडे हे काम बायका करतात असं त्यांनी पाहिलं होतं. झालं! सभेत उभे राहून म्हणाले, "आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर कोळणी पिढ्यान् पिढ्या जाळी विणतात. त्यांच्या बोटांत ही कला उपजतच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही तिकडच्याच ना?"

आता आमच्याकडे जाळी विणायला सगळं घर बसतं, आणि बाप्ये आधी बसतात, हे या उंटावरच्या शहाण्याला कोण सांगणार! शिवाय मी वाडीवाल्याची मुलगी. कोळीवाड्यात मी जन्मात दोनदा गेले असेन, तेही सुकट आणायला. पण मुंबईतल्या माणसाला धरमतरची खाडी ओलांडली की पलीकडचे सगळे एकच. मी म्हटलं, "सर, स्मृतीची आकृती माझी आहे, तिची जोडणी अर्धी राहिलीय." म्हणाले, "आकृतीचं आम्ही बघू. पावसाआधी चौकटी पुऱ्या करून आणा. आणल्यात की तुमची इंजिनीअरची जागा पक्की, माझा शब्द." या माणसाच्या शब्दाची किंमत मला ठाऊक होती. तरी मी गेले, कारण दुसऱ्या कुणी तेवढाही शब्द दिला नव्हता.

रेवदंड्यात किल्ल्याच्या तटाजवळ सुपारीची एक बंद पडलेली वखार भाड्याने घेतली. समुद्राची खारी हवा आत येऊ नये म्हणून खिडक्या कागद चिकटवून बंद केल्या. कोळीवाड्यातून आठ बायका आल्या. आल्या त्या गजरे माळून, पानाचा तोबरा भरून, हातभर बांगड्या. मी फर्मान काढलं: गजरा नको, पान नको, बांगड्या कोपराच्या वर सारायच्या, हात साबणाने धुऊन मगच टेबलाशी बसायचं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांची म्होरकी म्हणजे पन्नाशीची एक आडवी बाई, तिला सगळ्या मावशी म्हणत. कपाळावर आठी, नाकात मोठी नथ. मला वरून खाली न्याहाळून तिने विचारलं, "बाय, तुजा लगीन झालाय?" मी नाही म्हटलं. "मंग तू काय सांगतेस बांगड्यांचा!" झाली सगळ्यांची हसाहस.

मला ती बाई आवडली नाही. तिलाही मी आवडले नाही, आणि ती ते लपवत नसे. मी टेबलाला टेबल जोडून भिंगं लावली तर म्हणाली, एवढ्या काचा कशाला, डोले फुटलेत काय? मी सुई कशी धरायची ते दाखवलं तर म्हणाली, मना शिकवू नको. हात मात्र तिचा असा चाले की बघत राहावं, हे मला कबूल करावंच लागायचं आणि त्याचाही राग यायचा. सकाळपासून दुपारपर्यंत तिची एक रांग पुरी व्हायची, माझी अर्धी.

गावाला तर आयतंच कोलीत मिळालं. "एवढी शिकली, मुंबैला ऱ्हायली, आणि करते काय? तर कोळणींबरोबर मणी ओवते!" माझी काकू देवळातून येताना मुद्दाम वखारीवरून येई आणि दारातून डोकावून विचारी, "काय गं, माळ कुठवर आली?" मी सांगे, "तुमच्या गळ्याच्या मापाची होतेय, थांबा." ती फणकाऱ्याने निघून जायची आणि संध्याकाळी वडिलांकडे तक्रार यायची. वडील मला म्हणायचे, "तोंड आवर." आयुष्यभर मला लोकांनी जे जे सल्ले दिले त्यातला हा सर्वांत जास्त वेळा मिळालेला.

आता जी भानगड झाली ती कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. कड्या ओवताना त्या तिरक्या बसतात. एक कडी डावीकडे कलती बसली की तिच्या शेजारची उजवीकडे कलती हवी, तिच्या शेजारची परत डावीकडे. खालच्या रांगेत त्याच्या उलट. माझ्या आकृतीत तारांतली वीज एक सोडून एक उलट दिशेने धावत होती, म्हणून कड्यांनीही आलटून पालटून कलायला हवं. सगळ्या एकीकडे कलल्या तर अर्ध्या कड्यांत दोन्ही तारांची वीज एकमेकींना मारते आणि ती कडी ठोंब्यासारखी बसून राहते. एकदा ओवली की नुसती ढकलून ती फिरतही नाही, तार काढून पुन्हा ओवावी लागते.

मावशीला हे मुळातच खपत नव्हतं. तिच्या लेखी जाळं म्हणजे प्रत्येक डोळा शेजारच्या डोळ्यासारखा. ज्याच्या जाळ्याचे डोळे इकडे-तिकडे, त्याला कोळीवाड्यात पोरगी द्यायलाही लोक मागेपुढे बघतात. "यो काय वाकडा काम हाय, बाय? एक कडी हिकडं, एक कडी तिकडं. लोका बगतील तं थुकतील." मी म्हटलं, "सांगितलंय तसं कर." ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि तसं केलं. निम्म्याहून जास्त चौकटी सरळ पार पडल्या.

आणि मग प्रमुखांनी मला मुंबईला बोलावलं. कशाला? तर नव्याने आलेल्या एका इंजिनीअरला माझी आकृती समजावून द्यायला. हा तरुण कुणाचा तरी भाचा होता, उंच, देखणा, सूट घालणारा. दहा-बारा दिवस मी त्याला शिकवलं. रोज सकाळी तो मला कालचंच विचारायचा, आणि रोज मान डोलवायचा. आकृती मात्र त्याने ट्रेसिंग पेपरवर छान उतरवून घेतली. प्रमुख म्हणाले, "किती झटपट समजलं बघा याला." मी गप्प बसले, कारण मला जागा हवी होती. गाढवाला गुळाची चव काय, हे मनातल्या मनात म्हटलं तर पगार कापत नाहीत.

परत निघाले ती प्रमुखांबरोबरच. त्यांना केंद्र बघायचं होतं, सोबत एक फोटोग्राफर घेतला होता. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, पुढे भाड्याची मोटार. वाटेत उलटी झाली त्यांना. मी माझ्या पर्समधलं लिंबू काढून दिलं. बाईचं काम.

वखारीच्या दारात रांगोळी होती. आत आठही जणी हिरवी-लाल लुगडी नेसून, साहेब येणार म्हणून, आणि टेबलावर मधोमध माझ्या माघारी झालेल्या चार चौकटी पांढऱ्या फडक्यावर मांडलेल्या. मी वाकून बघितलं. सगळ्या कड्या एकाच बाजूला कलत्या! एक म्हणून चुकली नव्हती. शेतात एकाच वाऱ्याने कललेलं भात दिसतं तशा. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती, चेहऱ्यावर असा तोरा की विचारू नका. साहेब येणार आणि वाकडं काम दाखवायचं? तिने माझ्या माघारी स्वतःच्या अब्रूला साजेसं काम करून घेतलं होतं.

आणि प्रमुख काय म्हणाले असतील? भिंग डोळ्याला लावून म्हणाले, "वा! वा! काय शिस्त आहे! बाई, तुम्ही मुंबईला नमुन्याला आणलेल्या आधीच्या चौकटी मी पाहिल्या होत्या, त्या जरा ओबडधोबड वाटल्या होत्या. आता हात बसला." फोटोग्राफरने फोटो काढला. प्रमुखांनी चौकट हातात धरून, मावशीने नथ सावरून.

मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं की या चौकटी फुकट गेल्यात, यातल्या अर्ध्या कड्या काही लक्षात ठेवणार नाहीत. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू मी त्यांच्या जेवणात केस दाखवला. "बाई, तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. किरकोळ काही असेल तर तिकडे जुळवून घेतील. पुढच्या आठवड्यात दिल्लीचे पाहुणे येताहेत, चौकटी ताबडतोब पाठवा." ज्या माणसाच्या खोलीबाहेर मोठी पाटी होती, जो त्या यंत्रावर सभांत भाषणं देत होता, त्याला आपल्या यंत्राची कडी कुठे कलते हे माहीत नव्हतं! मला किळस आली. राग नाही, किळस.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि मावशीला म्हटलं, "हे सगळं उसवायचं." ती म्हणाली, "माज्या हाताचा काम मी उसवाची नाय. सायेब काय बोलला आयकलास ना?" बाकीच्या तिच्या मागे. मी ओरडले, ती माझ्याहून मोठ्याने ओरडली. शेवटी मी माझी चाचणीची पेटी काढली. तिच्यात एक छोटा दिवा होता, कडीने दिशा बदलली की लुकलुकायचा. जुनी चौकट लावली आणि एकेक करून कड्या तपासल्या. प्रत्येक कडीला दिवा. मग तिची देखणी चौकट लावली. दिवा, अंधार, दिवा, अंधार. मावशी बघत राहिली. तिने स्वतः बटण दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. मग पदराने कपाळ पुसलं आणि माझ्यावरच उखडली. "येवरा दिवा होता तं आदी का नाय दाखवलास? येवरे महिने नुसता आसा कर, तसा कर. आमी काय बैल हाव?"

मी म्हटलं, "तुला काय कळणार होतं?" ती म्हणाली, "आता कललाच ना?" मग तिने बाकीच्यांना दोन शिव्या हासडल्या, सुई उचलली आणि आपल्याच हाताने पहिली तार ओढून काढली. चुकलं हे कबूल करणं प्रमुखांच्या तोंडून कधी झालं नसतं ते त्या बाईच्या हातून झालं, पण तोंड काही तिचं बंद झालं नाही. उसवणं आणि पुन्हा ओवणं चाललं होतं तोवर ती मला, माझ्या शिक्षणाला, माझ्या लग्न न होण्याला आणि मुंबईच्या साहेबाला एकाच दमात बोलून घेत होती. मुंबईहून तारेवर तारा येत होत्या: चौकटी पाठवा, चौकटी का नाही पाठवल्या. मी एकाही तारेला उत्तर दिलं नाही. दिल्लीचे पाहुणे पुढे ढकलावे लागले. आणखी ढकलले तर पावसाने लाँच बंद, म्हणजे चौकटी गावातच अडकायच्या आणि यंत्र स्मृतीशिवायच राहायचं.

शेवटच्या आठवड्यात चौकटी तयार झाल्या. मेणकापडात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत भरल्या. मावशी म्हणाली, मीपण येते. तिची लेक माझगावला दिली होती, तिला भेटायचं होतं. आणि दुसरं, आपलं काम परक्याच्या हाती सोडायची तिची तयारी नव्हती. रेवसपर्यंत एस.टी.त ट्रंक आम्ही दोघींनी मांडीवर घेतली होती. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मावशीने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

संस्थेत गेलो. माझ्या खोलीत माझ्या खुर्चीवर तो भाचा बसला होता. टेबलावर माझी आकृती, ट्रेसिंग पेपरवरची, खाली कोपऱ्यात त्याची सही. मला बघून अर्धवट उठला, पुन्हा बसला. प्रमुखांनी बोलावून घेतलं. मावशी ट्रंक डोक्यावर घेऊन माझ्या मागोमाग आत शिरली, शिपाई अडवीत होता त्याला तिने कोपराने बाजूला केलं.

प्रमुख चिडलेले होते, पण ट्रंक पाहून चेहरा उजळला. म्हणाले, "उशीर केलात, तरी ठीक आहे. तुमचं काम बघून आम्ही ठरवलंय, रेवदंड्याचं केंद्र कायम करायचं. तुम्ही तिथल्या कायमच्या पर्यवेक्षिका. घरच्या घरी नोकरी, आणखी काय हवं?"

"आणि इंजिनीअरची जागा?"

"ती याला दिली," त्यांनी भिंतीपलीकडे बोट केलं. "बाई, समजून घ्या. यंत्र वेळी-अवेळी बंद पडणार. अशा वेळी बाईमाणसाला बोलावणं बरं दिसतं का? आणि तिकडे तुमच्याशिवाय आहे कोण?"

मी चांगलं काम केलं म्हणून मला तिथेच गाडायचं ठरलं होतं. वाईट केलं असतं तर हाकललं असतं. मला हसू आलं, खरंच आलं. एवढी वर्षं मी या माणसाला भीत होते! या माणसाला! ज्याला आयर्न धरता येत नाही, कडी ओळखता येत नाही आणि दिलेला शब्द पावसाळ्यापर्यंत टिकवता येत नाही. माझे पाय आपोआप मागे गेले. मावशीने ट्रंक जमिनीवर ठेवली होती. मी त्या ट्रंकेवर बसले.

"हे काय?" प्रमुख म्हणाले.

"बसलेय. जागेचा हुकूम टाइप करून सही करून द्या. मग ट्रंक उघडेन."

"ही सरकारी मालमत्ता आहे. मी पोलीस बोलावीन."

"बोलवा. चौकटी कुठल्या क्रमाने लावायच्या, कुठल्या तारेला कुठली जोडायची, तेही पोलिसांनाच विचारा. नाहीतर त्या भाच्याला विचारा. रोज समजतं त्याला, रोज झटपट."

ते लाल झाले. काय बोलावं सुचेना तेव्हा माणूस जे बोलतो तेच बोलले. "शिकलेल्या बाईला शोभतं का हे? कोळणीसारखं अडून बसताय!"

मी तोंड उघडणार एवढ्यात मावशी पुढे झाली. साहेबाच्या टेबलावर दोन्ही पंजे टेकवून म्हणाली, "ए सायबा, कोलीन अडून बसत नाय. कोलीन बसते, गिराईक उभा ऱ्हातो. माल तिचा आसतो म्हून." आणि ती माझ्या शेजारी फरशीवर फतकल मारून बसली. नथ सावरली आणि साहेबाकडे बघत राहिली.

प्रमुख टेबलामागे खरोखरच उभे होते, त्यांना बसायचं भान राहिलं नव्हतं. शिपाई दारातून बघत होता, भाचा त्याच्या खांद्यावरून बघत होता. प्रमुखांनी फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. दिल्लीचे पाहुणे येऊन ठेपले होते आणि स्मृतीशिवाय ती सगळी कपाटं म्हणजे नुसती कपाटं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसं झालं. यात गाढव मी झाले, पण माझी त्याला हरकत नव्हती.

टायपिस्टने हुकूम आणला. त्यात 'कनिष्ठ इंजिनीअर' लिहिलं होतं. मी कागद परत दिला. मावशीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मी परत दिला एवढं तिला दिसलं आणि तिने पानाचा डबा काढून पान लावायला घेतलं, म्हणजे तिला काही घाई नाही. दुसऱ्या खेपेला 'कनिष्ठ' गेलं. सही झाली, शिक्का झाला. मग मी उठले, पदर झटकला आणि ट्रंक उघडली.

चौकटी मी लावल्या. संध्याकाळच्या आत यंत्राने पहिला आकडा लक्षात ठेवला, परत मागितला तर परत दिला. प्रमुख टाळ्या वाजवत होते, सर्वांत जोरात तेच वाजवत होते. असल्या माणसांना लाज कुठून येणार! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांसाठी फोटो निघाला, त्यात ते मधोमध होते. मी त्या वेळी कपाटामागे एक ढिली तार बसवत होते. मला त्या फोटोत उभं राहायचंच नव्हतं.

दोन दिवसांनी सामान आणायला मी गावी निघाले. मावशी लेकीकडून धक्क्यावर आली. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या खेपा, लाँच तुडुंब भरलेली. पर्समध्ये हुकूम होता. मी तो तीनदा काढून वाचला होता. मला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि सगळ्या मुंबईत सांगण्यासारखं माणूस म्हणजे ही एकच बाई, तीही मला न आवडणारी. मी म्हटलं, "बघितलंस ना मावशी, कशी जिरवली?"

ती समुद्राकडे बघत पान चघळत होती. पिंक टाकली, तोंड पुसलं. वाटलं, आता शाबासकी देईल. मोठ्या मनाने घ्यायची असं मी ठरवलंसुद्धा.

"ता आकृती का काय ता तू कवा काडलास?" तिने विचारलं.

"झाली चार वर्षं."

"चार वरसा." ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, साहेबाकडे बघताना होता तो. "माल चार वरसा तुजा होता, आन तू उभी ऱ्हायलीस?"